पाठ झालेली अक्षरं

स्क्रू तिथेच होता. पांढऱ्या रुमालावर, चिमट्याच्या टोकापासून दोन बोटांवर, चष्म्याच्या काडीत बसणारा तिळाएवढा स्क्रू — नजर जरा बाजूला, बरणीच्या झाकणाकडे वळली की अगदी स्पष्ट, चकचकीत. आणि उचलायला म्हणून सरळ त्याच्याकडे पाहिलं की गायब. पुन्हा बाजूला पाहिलं... आहे. सरळ पाहिलं... नाही. असा लपंडाव तीन-चारदा झाल्यावर तिला हसूच आलं. "बरं, राहा लपून," ती त्याला म्हणाली, आणि डाव्या डोळ्याला लावलेलं भिंग काढून तिने उजव्याला लावलं. स्क्रू निमूटपणे सापडला. भिंगावर वाफ धरली असणार. उकाडा काय कमी होता का, शिवाय भिंग जुनं, आईच्या वेळचं. तिने ते पुसलं. पुन्हा डाव्या डोळ्याला लावून बघायचं मात्र तिच्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल, आणि तेवढ्यात तिने बरणीचं झाकण लावायला घेतलं असेल.

दुकान खाली, घर वर, आणि मधे चौदा पायऱ्या. रस्त्याकडचं शटर बंद होऊन सातवा आठवडा लागला होता, पण आतल्या जिन्याला कुणी बंदी घातली नव्हती. त्यामुळे ती रोज सकाळी साडेआठला केस विंचरून, इस्त्रीचे कपडे घालून, पायात चपला सरकवून चौदा पायऱ्या उतरायची आणि 'कामावर' यायची. गिऱ्हाईक नाही, निम्मे दिवे बंद, शटरच्या वरच्या जाळीतून आलेला उजेड भिंतीवरून सावकाश सरकत असायचा, आणि त्या उजेडात भिंतभर फ्रेमा — गोल, चौकोनी, सोनेरी काडीच्या, पोरींना आवडतात तसल्या लाल-निळ्या. तीनशे चष्मे आणि एक नाक नाही! पहिल्या आठवड्यात तिला याची गंमत वाटली होती. तिसऱ्यात वाटलं, हे आपल्याकडे टक लावून बघतायत. आता तसंही वाटेना. आता कधी कधी वाटे की हे दुकान कुणाच्या तरी झोपेतलं आहे आणि आपण त्यात दबक्या पावलांनी वावरतो आहोत, त्या माणसाने कूस बदलू नये म्हणून जपून खण उघडतो आहोत... छे, असलं काही डोक्यात आलं की उठायचं आणि काहीतरी आवरायला घ्यायचं. कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

कागद काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवला होता. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात रेडिओवर मनाच्या एक डॉक्टरीणबाई बोलल्या होत्या — ठरल्या वेळी उठा, अंग हलवा, हातांना काम द्या, बातम्या दिवसातून एकदाच, रोज एका तरी माणसाशी बोला — आणि तिने ते अक्षरन् अक्षर उतरवून घेतलं होतं, कारण कुणी जाणकाराने लिहून दिलेलं निमूट पाळायचं हा तिच्या धंद्याचाच धर्म. लोक नंबराचा कागद घेऊन येतात आणि मग "जरा कमी करा ना" म्हणतात, तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची. त्यामुळे तिने काहीही कमी केलं नाही. सात आठवड्यांत ती पाव भाजायला शिकली. नळाचा वायसर स्वतः बदलला. दोन आरसे समोरासमोर धरून स्वतःचे केस कापले, आणि मागून ते जरा उंदराने कुरतडल्यासारखे झाले तरी मागून बघायला होतं कोण! खिडकीतल्या कुंड्यांत भाजी उगवली. गिऱ्हाइकांनी विसरलेले, टाकलेले, काड्या तुटलेले चष्मे शोधून शोधून दुरुस्त केले. तिचं कुणावाचून काही अडत नव्हतं. रात्री झोपण्याआधी ती त्या कागदावर बरोबरच्या खुणा करायची, आणि खुणा करताना तिला खरोखर समाधान वाटायचं — निदान खुणा करताना तरी.

दहा वाजता फोन वाजला. धाकटा भाऊ. दोन तासांवरच्या शहरात त्याचा संसार, बायको, दोन मुली, सासूबाई. तो दहाच्या ठोक्याला फोन करायचा.

"ताई, कशी आहेस?"

"मस्त."

"झोप?"

"सात तास. मेल्यासारखी."

"खाल्लंस काही?"

"पाव केला होता. तुझ्या बायकोला सांग, आज फुगला."

"डोकं ठिकाणावर?"

"तुझ्यापेक्षा तरी बरं आहे."

इथे तो हसला. रोज इथेच हसायचा, आणि तीही त्याच्या पाठोपाठ, अर्ध्या श्वासाच्या अंतराने. मग तो म्हणाला, "इकडे सगळ्यांना तुझंच उदाहरण देतो बघ मी. सासूबाई सकाळपासून रडतायत, त्यांना म्हटलं, माझी ताई एकटी राहते, एकदा तरी कुरकुर ऐकलीत का? तू बोलशील का त्यांच्याशी दोन मिनिटं?" ती बोलली. ठरल्या वेळी उठा, म्हणाली, हातांना काम द्या. पलीकडून नाक ओढत सासूबाई म्हणाल्या, "तुमचं बरं आहे हो, तुमचं मन घट्ट आहे." आणि ती म्हणाली, "सवयीने होतं सगळं." फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण काय काय बोललो यातलं आपल्याला काहीच ऐकू आलेलं नाही, तोंड बोलत होतं आणि आपण भिंतीवरचा उजेड कुठवर आला ते बघत होतो.

झोप सात तास नव्हती. तीनही नव्हती.

पण हे त्याला कसं सांगायचं? टाळेबंदी लागायच्या आदल्या दुपारी तो गाडी घेऊन दारात येऊन उभा राहिला होता — चल, बॅग भर, दुकानाला कुलूप लाव, आता बस झालं हे दुकान. तो ते दुकान बंद करायचं कधीपासून म्हणत होता. ती म्हणाली, मला काय धाड भरली आहे? आणि मग तो, एरवी सगळ्या गोष्टी हसण्यावारी नेणारा, एकदम रस्त्यातच तिचा हात धरून म्हणाला होता, "तुला काही झालं तर तू सांगशील का पण? की आईसारखं लपवशील?" तिने त्याच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "सांगेन. लगेच सांगेन. तुझी शपथ." तेवढ्या एका शब्दावर तो गाडी वळवून परत गेला. ती गाडी वळताना तिला आपण जिंकलो असं वाटलं होतं. आता त्या शब्दाची आठवण झाली की ती उठून एखादा खण आवरायला घेत असे. खण आता फार नीटनेटके झाले होते.

अकरा वाजता अंघोळ. बाथरूमच्या भिंतीला पांढऱ्या फरशा, आणि त्यांच्यामधल्या करड्या रेघा — त्या रेघांकडे बघायचं नाही असं तिने गेले काही दिवस ठरवलं होतं. किती दिवस? एकोणीस. तिने मोजले नव्हते, पण एकोणीस. पहिल्यांदा, केसांना साबण लावताना, उजवा डोळा चुरचुरून मिटला, आणि उघड्या राहिलेल्या डाव्या डोळ्यासमोर ती सरळ रेघ मधेच वाकली, जशी पाण्यात बुडवलेली काठी वाकलेली दिसते तशी, आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ झाली. त्या दिवशी तिने गवंड्याला शिव्या घातल्या होत्या. वीस वर्षांपूर्वी फरशा बसवून गेलेला गवंडी! बिचारा असेल की नसेल कुणास ठाऊक, आणि ही बाई साबणाच्या फेसातून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते आहे. तेव्हाही तिला हसू आलं होतं. या सात आठवड्यांत एकूण तिला फार हसू येत होतं.

आणि ठाऊक का नव्हतं तिला? दुकानात कुणी म्हातारा येऊन म्हणाला, ताई, हल्ली दाराची चौकट जरा वाकडी दिसते, तर ती हातातला चष्मा खाली ठेवायची आणि म्हणायची — चष्मा राहू द्या काका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. उद्या नाही, आज. सरळ रेघ वाकडी दिसली की आज. रिक्षाही तीच बोलावून द्यायची. एकदा एक मास्तर "लेकीचं लग्न झालं की जाईन" म्हणाले, तर तिने त्यांच्या मुलीलाच फोन लावला होता आणि मास्तर महिनाभर तिच्याशी बोलत नव्हते. पुढे तो डोळा वाचला तेव्हा तेच मास्तर दारात येऊन रडले.

आज. एकोणीस 'आज' गेले होते.

पण टाळेबंदीत डॉक्टर तरी कुठे असणार... असतात, तातडीच्या रोग्यांना बघतात, पोलिसांकडून पास मिळतो, तिने रेडिओवर ऐकलं होतं. पण पास काढायचा म्हणजे कुणाला तरी सांगायला हवं. सांगितलं की धाकट्याला कळणार. कळलं की तो येणार, या वेळी गाडीतून उतरून थेट वर येणार, तिची बॅग स्वतः भरणार, शटरला कुलूप घालणार, आणि ते कुलूप मग... शिवाय झालंय कुठे काही? वाकली असेल एखादी रेघ. दमट हवेने फरशा फुगतात. झोप कमी झाली की डोळ्यांवर ताण येतो. पुस्तक उघडून, एक डोळा झाकून चार ओळी वाचल्या असत्या तरी कळलं असतं. ते तिने केलं नव्हतं. केलं असतं तरी शब्दांचं काय, माणूस अर्ध्या शब्दावरून पुढचा ओळखतो. खात्रीचं हवं. खात्रीचं म्हणजे तक्ता.

जेवण झाल्यावर, त्या दुपारच्या वेळी जेव्हा गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नाही आणि उजेड भिंतीवर थांबल्यासारखा होतो, ती पुन्हा खाली आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. या खुर्चीत ती कधीच बसत नसे. दुकान जेमतेम दहा फूट लांब, तपासणीला अंतर लागतं वीस फूट, म्हणून आईच्या काळापासून अशी सोय होती की तक्ता खुर्चीच्या वर, डोक्यामागे, उलट्या अक्षरांचा. आणि समोर आरसा. आरशात अक्षरं सुलटी दिसतात आणि अंतर दुप्पट होतं. दिवा लावल्यावर आरशात तक्ता उजळला, आणि त्याच्याखाली एक बाई दिसली, हातात पुठ्ठ्याचा तुकडा धरलेली, जरा अवघडलेली — गिऱ्हाइकं दिसतात तशीच, परीक्षेला बसल्यासारखी.

"आरामात बसा," ती त्या बाईला म्हणाली. "आधी हा डोळा झाका."

तिने उजवा डोळा झाकला.

आणि वाचायला लागली. ठ. मग ग, म. मग र, भ, प. मग ल, ट, ध, न. एकही अक्षर अडलं नाही. आवाज खणखणीत, लय ठरलेली, वरच्या ओळीवर जरा थांबून मग पायऱ्या उतरल्यासारखं खाली खाली, अगदी तळाच्या त्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत, जिथे भलेभले अडखळतात, तिथेही ती अडखळली नाही... आणि मग तिचं लक्ष स्वतःच्या चेहऱ्याकडे गेलं. आरशात केस होते. कान होते, कानांतले खडे होते, मान होती. मधे, जिथून हा खणखणीत आवाज येत होता तिथे, तोंडाच्या जागी, करडं धुकं होतं. नजर वर तक्त्याकडे नेली तर धुकंही वर गेलं, आणि ठ च्या जागी जाऊन बसलं. मी आत्ता ठ वाचला. कुठून वाचला? मी वाचतेय की नुसती म्हणतेय? तिने पुन्हा म्हणून पाहिलं — ठ, ग, म — आणि भयंकर गोष्ट अशी की म्हणताक्षणी ते दिसल्यासारखं झालं. धुक्यात, अगदी आपल्या जागी, काळंभोर ठ. तोंड मिटलं की विरून गेलं.

आई अशीच बसायची. याच खुर्चीत.

चाळीस वर्षं आई या दुकानात उभी राहिली. मग गुडघे गेल्यावर काउंटरला बसायला लागली, आणि दर सहा महिन्यांनी ती आईला खुर्चीत बसवून डोळे तपासायची. आई घडाघडा वाचायची. उजवा — घडाघडा. डावा — घडाघडा. "म्हातारीचे डोळे बघा, अजून सुईत दोरा ओवेल," असं ती गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगायची. मग एकदा काचांच्या कंपनीचा माणूस नवा तक्ता देऊन गेला, अक्षरांचा क्रम बदललेला. तिने तो जुन्याच्या जागी लावला, आईला सांगायचं राहिलं, आणि दोन दिवसांनी आईची पाळी आली. आई खुर्चीत ताठ बसली, एक डोळा झाकला, आणि नव्या तक्त्याकडे बघून जुनी अक्षरं म्हणायला लागली. पहिल्या ओळीला ती हसली, तिला वाटलं आई चेष्टा करतेय. दुसऱ्या ओळीला हसू थांबलं. आई म्हणतच होती, एकही अक्षर न अडखळता, शेवटच्या ओळीपर्यंत, आणि वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आहे ना सगळं ठीक?"

दोन वर्षं. दोन वर्षं तिने, स्वतः डोळे तपासून देणाऱ्या मुलीने, आपल्या आईला पास केलं होतं. कुणा परक्याने तपासलं असतं तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं; परक्याच्या दुकानातली अक्षरं आईला पाठ कुठून असणार? ही चूक बाहेर कुणाच्या घरात होणं शक्यच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, फार उशीर झाला. पुढे आईला माणसाचा चेहरा बघायचा असला की ती त्याच्या कानाच्या बाजूला बघायची, तिरकं. लोकांना वाटायचं म्हातारी रागावली आहे. धाकट्याने बहिणीला कधी एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. आणि तिने एकदाच आईला विचारलं होतं, का गं लपवलंस, तेव्हा आई तिच्या कानापलीकडे बघत म्हणाली होती, "लपवलं कुठे? म्हणताना मला खरंच दिसायचं गं."

तेव्हा तिला वाटलं होतं आई सारवासारव करतेय. आज, या खुर्चीत, तिला आईचं पटलं. आणि पटलं म्हणूनच तिला भीती वाटली. मस्त. सात तास. मेल्यासारखी. तुझ्यापेक्षा तरी बरं. रोज दहा वाजता, न अडखळता, तळाच्या ओळीपर्यंत... आणि म्हणताना खरंच मस्त वाटायचं की! खोटं तर कधीच वाटलं नव्हतं. नवा तक्ता, जुना तक्ता, लहान मुलांचा चित्रांचा तक्ता, दुकानातलं प्रत्येक अक्षर तिला पाठ होतं. धाकट्याचे प्रश्नही पाठ होते. तिला पाठ नसलेलं काही विचारणारं या जगात उरलं होतं का कुणी?

उजेड भिंत सोडून जमिनीवर उतरला होता.

पाच वाजता गल्लीतून हाक आली.

"काय बाई, आहात का?"

समोरच्या माडीवरचा पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. या गल्लीतल्या सगळ्या पाट्या त्याच्या हातच्या, तिच्या दुकानाचीसुद्धा. साठी उलटलेली, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि आवाज असा की तो कुजबुजला तरी चार घरांना कळावं. टाळेबंदीत काम थांबल्यावर आठवडाभर तो जिन्यात बसून राहिला, आणि मग एक दिवस उठून नसलेल्या दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. रोज एक नवी पाटी कठड्याला टांगायची आणि पाच वाजता गल्लीला दाखवायची. "ढग धुऊन मिळतील." "येथे शिंक पकडून देण्यात येईल." कालची होती, "जुना कंटाळा देऊन नवा घेऊन जा." मग तो ओरडायचा, आहात का? आणि ती वरच्या खिडकीतून ओरडायची, "ठणठणीत!" तो म्हणायचा, "मग मीपण!" आणि दोघं आपापल्या घरात जायची. एवढंच संभाषण, पण कागदावर तेही लिहिलेलं होतं.

ती चौदा पायऱ्या चढून वर आली, खिडकी उघडली. गल्ली वीस फुटांची होती. तिने कधी मोजली नव्हती, पण वीस फूट तिला मोजावे लागत नसत.

"ठण..." एवढंच तोंडातून निघालं. मग ती म्हणाली, "पेंटर, एक काम कराल का?"

"करतो की! हात शिवशिवतायत. काय रंगवायचं?"

"अक्षरं. पाच. चार बोटं उंच, काळी, ठसठशीत."

"कसली अक्षरं?"

"कसलीही. शब्द नको फक्त. अर्थ नको त्यात."

पेंटर विचारात पडला. "अर्थ नसलेलं जमायचं नाही बाई, चाळीस वर्षं लोकांना अर्थच रंगवून दिलाय. पण बघतो." आणि आत गेला. ती खिडकीत उभी राहिली. अजून वेळ होता. अजून म्हणता आलं असतं, अहो राहू दे, गंमत केली. चार बोटं ही सगळ्यात वरची ओळ, सगळ्यात मोठी. ती ज्याला दिसत नाही त्याला... पुढचं तिने मनातसुद्धा पुरं केलं नाही. पेंटर परत येण्याआधीच तिने उजव्या डोळ्यावर हात ठेवला, कारण तिला ठाऊक होतं: लोक आधी चांगल्या डोळ्याने वाचून घेतात, आणि मग वाईट डोळ्याने तेच म्हणतात. तिने या युक्तीसाठी किती जणांना हसत हसत पकडलं होतं.

"ही घ्या!" पेंटर ओरडला.

तिने पाहिलं. कठड्याच्या सळ्या, मधल्या दोन वाकलेल्या. फळीचे कोपरे. फळी धरलेले दोन अंगठे, पेंटरचं धोतर, डोक्यावरचे पांढरे केस. फळीच्या मधोमध ते धुकं शांतपणे बसलं होतं, जणू तीच त्याची हक्काची जागा.

"वाचा!"

तिने डोळ्यावरचा हात आणखी घट्ट दाबला.

"अहो पहिलं तर सोपं आहे. तुमच्याच पाटीवरचं पहिलं अक्षर!"

च. जीभ टाळूला लागलीसुद्धा. नुसतं म्हणायचं होतं, आणि म्हटलं की ते दिसणार होतं, काळंभोर, धुक्यातून वर येणार होतं. मग पेंटर दुसऱ्याचीही हळूच खूण देईल, चांगल्या मनाची माणसं देतातच, नवरे बायकांना देतात, बायका नवऱ्यांना, परीक्षा दोघांचीही असते... आणि उद्या दहा वाजता पाव फुगेल, झोप गाढ लागेल, आणि सगळं पुन्हा पूर्वीसारखं छान, गुळगुळीत, झोपेतल्यासारखं चालू राहील. किती गोड वाटलं तिला ते! तिला खरंच ते हवंसं वाटलं.

"सांगू नका पेंटर!" ती ओरडली, इतक्या जोरात की स्वतःच दचकली. आणि मग, "दिसत नाही."

"हं?"

"दिसत नाही मला! एकही दिसत नाही!"

गल्लीत कुठेतरी एक खिडकी उघडली. पेंटरने फळी खाली घेतली, वर धरली, पुन्हा खाली घेतली. "मोठी काढू का? भिंतभर काढतो, सांगाल तेवढी..."

"याच्या वर तक्त्यात ओळ नसते."

मग त्या माणसाने एक गोष्ट केली जी त्याला जमत असेल असं गल्लीत कुणालाच वाटलं नसतं. त्याने आवाज खाली आणला. इतका खाली की त्या रिकाम्या गल्लीतही तिला कान द्यावा लागला.

"बाई," तो म्हणाला, "भीती वाटतेय का हो?"

हे तिला कुणी विचारलं नव्हतं. धाकट्याने झोप विचारली, खाणं विचारलं, डोकं ठिकाणावर आहे का विचारलं. पण हे नाही. तिने सवयीने डोक्यात उत्तर शोधलं आणि तिथे काहीच नव्हतं, एक अक्षर नव्हतं. ती बोलायला लागली तेव्हा पुढे काय येणार हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "खूप. एकोणीस दिवस झाले. रात्री झोप लागत नाही. फार एकटं वाटतं हो मला."

वाटलं होतं, असं काही कुणासमोर बोललो तर जमीन दुभंगेल, निदान लाजेने मान तरी खाली जाईल. मान जिथे होती तिथे राहिली. तिने खिडकीची चौकट धरली आणि ती रडायला लागली, तोंड न झाकता, भर पाच वाजता, उघड्या खिडकीत, उंदराने कुरतडल्यासारख्या केसांनिशी. उशीर झाला होता का? आईइतका? पास कोण देईल, धाकटा काय म्हणेल, शटर पुन्हा वर जाईल का... एकाचंही उत्तर तिच्याकडे नव्हतं. आणि उत्तर नाही हेच तेवढं खरं होतं. ते तिला पाठ नव्हतं, कुणी शिकवलं नव्हतं.

पेंटर समोर उभाच होता. आत जायचं त्याचं काही चिन्ह दिसेना. तो आपले पाय बदलत उभा होता. "रडा," तो शेवटी म्हणाला, "मला काही घाई नाही." घाई तिला करायला हवी होती, आजच, आत्ताच, आणि ती करणार होती. पण बरी असल्याचं दाखवायची जी घाई गेले सात आठवडे उठल्यापासून तिच्या मागे लागलेली असे, ती या घटकेला कुठेच नव्हती. आणि त्या घाईशिवाय आपण कोण आहोत हे तिला अजून नीट ओळखू येत नव्हतं.